तोंडातल्या टाचण्या

दादा,

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा शेवटी काही बोलले का गं?" तेव्हा मी, त्यांनी तुझ्यासाठी बेतून ठेवलेल्या कोटाची बाही जोडत होते. तोंडात चार टाचण्या होत्या. "उंहू," एवढंच म्हटलं. "बरं झालं, शांतपणे गेले," म्हणालास आणि फोन ठेवलास.

बाबांची ती सवय तुला आठवत असेल. गिऱ्हाईक वाद घालू लागलं की ते ओठांत टाचण्या धरायचे. मला म्हणायचे, "बोलून शिवण उसवते पोरी, नीट होत नाही." मला अजून ते जमत नाही. काल शेजारीण म्हणाली, "मुलगा असून नसल्यासारखा." मी तिला नको ते बोलून बसले.

तुला मात्र काही सांगितलं नाही. शेवटचे तीन दिवस बाबा मला ओळखत नव्हते. दार वाजलं की विचारायचे, "आलास का?" मी सांगायची, "मी आहे, बाबा." मग ते भिंतीकडे तोंड करायचे. शेवटच्या दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "आलो, बाबा."

त्यांनी माझा हात हातात घेतला, खांद्यापासून मनगटापर्यंत वितीने मोजला आणि म्हणाले, "बारीक झालास रे." त्यानंतर ते बोलले नाहीत.

कोट तयार आहे. बाही तुझ्याच मापाची ठेवली आहे. उद्या पार्सल करते. हा कागद टाचण्यांच्या डबीत राहील.

तुझी,
धाकटी