आधी कुणाचा आवाज

सुचाव्हा, २१ नोव्हेंबर

प्रिय तिबी,

तू आणि आपली छोटी कात्रिनेल मजेत असाल. तिकडे स्पेनमध्ये अजून स्वेटरही बाहेर निघाले नसतील. इथे बर्फ पडून वितळलं, आता नुसता चिखल. हे पत्र आणि सोबतचं पुडकं तिकडे येणाऱ्या मितिकाच्या गाडीतून पाठवतेय. पुडकं सामानात टाकायचं नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं, असं त्याला बजावलंय. तो हसला. हसू दे. तो गाडी कशी हाणतो ते तुला ठाऊकच आहे, म्हणून पुडक्यात जे आहे त्याची आणखी एक प्रत मी माझ्याकडे ठेवलीय.

आई बरी आहे. जेवते, कोंबड्यांना दाणे टाकते, माझ्यावर डाफरते. दोनदा दूध उतू जाऊन भांडं करपलं, पण ते काय, माझ्या हातूनही होतं.

रविवारी फोनवर तू म्हणालास, रुक्सांड्राचे व्हिडिओ बाबांच्या कॉम्प्युटरवरून काढून पाठव, कात्रिनेल विचारते की आईचा आवाज कसा होता. इतके दिवस तुला बघवत नव्हते, आता बघशील म्हणालास. आणि मी म्हटलं, गावात इंटरनेट बंद आहे, बघते. तिबी, इंटरनेट चालू होतं. कॉम्प्युटरच घरात नव्हता.

लगेच फोन उचलू नकोस. आधी सगळं वाच.

बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तुला रजा मिळाली नाही. अंगणात टेबलं मांडली होती, मी स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सारमाल्यांच्या पातेल्यांशी झुंजत होते. आई बाबांच्या नावानं एकेक वस्तू वाटत होती. त्यांचा कोट, बूट, उशी, ताटवाट्या, प्रत्येकावर पाव आणि पेटती मेणबत्ती. आणि शेवटी कॉम्प्युटर. त्यावरसुद्धा पाव आणि मेणबत्ती! तिचं म्हणणं, जे त्यांना सगळ्यात आवडायचं ते दिलं नाही तर तिकडे त्यांना त्याच्यावाचून राहावं लागेल. डोम्निकामावशीला दिला, म्हणजे तिला जर्मनीतल्या लेकीचं तोंड मोठं दिसेल. मावशी ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणाली, म्हणजे वस्तू बाबांना पोचली. मला तर तेव्हा बरंच वाटलं. तू व्हिडिओ बाबांकडे ठेवायला दिलेस हे मला तुझ्या त्या फोनपर्यंत माहीतच नव्हतं.

आईला माहीत होतं. तू तिला दोनदा सांगितलं होतंस. मी विचारलं तर म्हणाली, मला कुणी काही बोललं नाही. इतक्या सरळ तोंडानं म्हणाली की क्षणभर मला वाटलं, तूच खोटं बोलतोयस.

सोमवारी रजा टाकून गावी गेले. बसमध्ये एकच देवाचा धावा चालला होता, की कुणी ते पुसून टाकलेलं नसू दे. आणि मावशीच्या फाटकाशी रेमुसची मोटारसायकल उभी! बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो ना, तोच. आत गेले तर मावशी त्याला सांगत होती, सगळं धुऊन काढ बाबा, नवंकोरं कर, मला फक्त लेक दिसली पाहिजे. मी बूट न काढता तशीच टेबलाशी धावले आणि त्याचा हात धरला.

त्यानं अजून काही पुसलं नव्हतं. म्हणाला, पुसणार कसं, आतली डिस्क टकटक वाजतेय, सुरूच व्हायला तयार नव्हती, आत्ता कुठे झालीय.

मी मावशीला म्हटलं, हा परत द्या, मी तुम्हाला नवा आणून देते. तिनं मान हलवली. रागानं नाही, घाबरून. म्हणाली, "स्मारांडा, तो आता तुझ्या बापाच्या, निकानोरच्या हातात आहे. मी परत दिला तर त्याच्या हातातून हिसकावल्यासारखं होईल. माझ्याकडून असलं काही करवून घेऊ नकोस गं." तिच्याशी वाद कसा घालणार? आपणही याच गावात वाढलो. मला स्वतःलाच मागताना अंगावर काटा आला होता. मग तिनंच हळूच विचारलं, "आणि नक्कल काढली तर माझ्यातलं काही कमी होतं का?"

नाही होत, मावशी. काहीच कमी होत नाही. मी तिला मिठीच मारली.

नक्कल घ्यायला डिस्क हवी. आठवतं, दर नाताळात तू बाबांच्या मागे लागायचास, बाबा, प्रत काढून ठेवा, आणि ते म्हणायचे, काढलीय की? ती प्रत आम्हाला सापडली. त्याच कॉम्प्युटरवर, शेजारच्याच फोल्डरमध्ये, नाव ‘प्रत’. एकाच खिशात पाकीट आणि त्याच खिशात सुटे, असला कारभार. आणि प्रतीसाठी म्हणून तू आणलेली नवी डिस्क? मी घरी पळत गेले. ती रोजच्या बसायच्या खोलीत नाही, तर त्या चांगल्या खोलीत, जिथे पाहुण्यांशिवाय कुणी पाऊल ठेवत नाही, देवाच्या तसबिरीखाली, भरतकामाच्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली. खोक्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. वापरून झिजू नये म्हणून! मला हसू आलं आणि तिथंच उभी राहून मी रडले. आई मागून आली, म्हणाली मीपण येते, आणि डोक्याला रुमाल बांधून माझ्याबरोबर निघाली.

रेमुसनं डिस्क जोडली आणि हात थांबवला. म्हणाला, "ताई, ही आतली डिस्क वाजायला लागली तेव्हाच प्रत काढायला हवी होती. खरं तर वाजण्याआधी. आता एक फेरी मिळेल, दुसरीची खात्री नाही. सगळ्यात जिवाचं काय ते आधी सांगा."

पडद्यावर दोन फोल्डर होते. एक रुक्सांड्राचं. दुसरं बाबांचं, चर्चमध्ये गायची सगळी भजनं त्यांनी माईक लावून घरी रेकॉर्ड केली होती ना, तेच. त्या भजनांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. मला बाबांचं हवं होतं, तिबी. खोटं कशाला बोलू.

आई पुढे झाली. म्हणाली, "आधी पोरीच्या आईचं. माझ्या नवऱ्याचा आवाज मला पाठ आहे. तिला तिच्या आईचा पाठ नाही."

रुक्सांड्राचं सगळं आलं, तेच या पुडक्यात आहे. मी एकच उघडून पाहिलं, चालतंय की नाही एवढ्यापुरतं. कात्रिनेलला बूट घालताना दटावतेय आणि मधेच हसू आवरत नाहीये. बाकी तुम्ही दोघं बघा, मी हात लावला नाही. मग बाबांचं सुरू केलं. टकटक वाढली, मग नुसती घरघर, आणि थांबलं. रेमुसनं बाहेर काढून, गार करून, परत लावून पाहिली. मेली.

बाबांची एक फाइल आली, तीही अर्धी. ते घसा साफ करतात, एकदा, दोनदा, सवयीप्रमाणे. श्वास घेतात. संपलं.

मावशीला मी माझा जुना लॅपटॉप दिला. बाबांचा मात्र तिनं ठेवूनच घेतलाय, बंद असला तरी. वर तसबिरीपुढे दिवा लावते.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मी कालपर्यंत गावीच होते, आणि आईला रोज ते घसा साफ करणं ऐकायचं असतं. काल ऐकून झाल्यावर माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आणि मग काय गायचे गं ते?" मला वाटलं, माझी परीक्षा घेतेय. मी भजनाचं नाव सांगितलं. तिनं मान डोलावली. जरा वेळानं परत तेच विचारलं. म्हणाली, चाल ओठांवर येते आणि निसटते. करपलेलं दूध, तू दोनदा सांगूनही तिला न आठवणं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. डिसेंबरमध्ये डॉक्टरांकडे न्यायचं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. तिनं स्वतःचं सोडून तुझ्या पोरीला दिलं, आणि ती म्हणत होती ते पाठ असणंच तिच्या हातून सुटत चाललंय.

म्हणून एक काम. बाबा दर रविवारी तुझ्या फोनवर स्वतःच्या आवाजात लांबलचक निरोप सोडायचे, तू त्याला हसायचास, शेवटी गाऊनच संपवायचे म्हणून. ते असतील तर फोनला काही होऊ देऊ नकोस. नवा घेऊ नकोस, कात्रिनेलला खेळायला देऊ नकोस. हे पत्र खाली ठेव आणि आत्ता प्रती काढ, एक घरात, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, एक मला पाठव. मला फोन नंतर कर. आधी प्रत.

आणि तू ते सगळे पुसून टाकले असशील, तर तसं मला सांग. आईला सांगू नकोस, ती रोज विचारतेय, तिबीकडे असेल ना गं.

वाट बघणारी,
तुझी ताई
स्मारांडा