पाठीवरचा काळा डाग

प्रिय आई,

मांजरीचा फोटो मिळाला. थोरलीची मांजर परत आली, असं तू सोबत लिहिलं आहेस. परत आलेली नाही. कंपनीने मेलेल्या मांजरीच्या कानातली एक पेशी घेतली, तिचं केंद्रक दुसरीच्या रिकाम्या केलेल्या बीजांडात घातलं आणि तो गर्भ तिसरीच्या पोटात वाढवला. जनुकं तीच, पण तिरंगी मांजरीचे डाग दर वेळी नव्याने पडतात. कुठे काळं, कुठे पिवळं, हे गर्भातच आपोआप ठरतं. शाळेत तूच शिकवलंस हे. म्हणून पाठीवरचा काळा डाग अगदी जुन्या जागी दिसला, तेव्हा मी फोटो मोठा करून पाहिला. केस मुळाशी पांढरे आहेत. तो कलप लावू नकोस. मांजर अंग चाटते, पोटात जाईल.

माझं काम बरं चाललंय. बाटल्यांमध्ये केळीची रोपं वाढवते, एका कोंबापासून हजारो, सगळी एकसारखी. कंटाळा कसा येत नाही, असं सोबतचे विचारतात. मला त्यांच्यातला फरक शोधायची सवय लागलीय. एखाद्याचं पान उगाच डावीकडे कलतं. तुला आठवतं, गुलाबाची कलमं दाखवून झाली की तू आम्हा जुळ्यांना फळ्यापाशी उभं करायचीस? निसर्गानेच केलेले क्लोन. ही मूळ प्रत, ही झेरॉक्स, असं तू म्हणालीस आणि वर्ग खिदळला. तेव्हापासून शाळाभर मी झेरॉक्स. थोरली चिडवणाऱ्यांच्या अंगावर धावून जायची. ती असती, तर तुझ्या या मांजरीलाही तिने दुसरं नाव ठेवलं असतं.

मागच्या खेपेला कपाटात माझे कपडे नव्हते, तिचेच घड्या घालून ठेवले होते. मी तेच घातले. दुपारी आडवी झाले, तर तू येऊन माझ्या डाव्या भुवईवर बोट फिरवत बसलीस. तिला लहानपणी खोक पडली होती, तिथे. मी जागी होते. मग तू पेन्सिल काढलीस. मी डोळे उघडले नाहीत. नंतर आरशात पाहिलं, खूण अचूक होती.

परवा फोनवर तू विचारलंस, थोरलीच ना गं? आवाज आमचा एकच. मी हो म्हणाले. ती गेल्यापासून तुला इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं. मग मी तिच्यासारखी तुझी खेचली, तिच्यासारखी रुसले, आणि शब्दासाठी कुठे अडावं लागलं नाही. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. अक्षर तरी माझं वेगळं आहे. रविवारी येते. दार उघडलंस की मला धाकटी म्हण, एकदाच म्हण. थोरली म्हणून हाक मारलीस तर मी ओ देईन, आई. मला आता ते जमतं.

तुझीच,
धाकटी