उजवा दांडा आणि सुजलेला हात

शनिवार, १० मे
मारियामाऊलीच्या सणाला आठ दिवस. वाडीतल्या क्रुसाला झालर लावताना गंजका खिळा उजव्या तळहातात गेला. अगदी मधोमध. येशूच्या हाताला खिळा ठोकला, तीच जागा. अशी जखम ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. बायकोला, बेटीला, सांगितलं तर म्हणाली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. तिला सूक्ष्म गोष्टी कळत नाहीत.
इंजेक्शन घेणार. सोमवारी नक्की.

सोमवार, १२ मे
हात लाल, गरम, टम्म. पुतणी ॲनी नर्सिंगला आहे. तिने समजावलं, जंतूंच्या अंगावर काही खुणा असतात, आपल्या पेशींवर त्या नसतात. पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी खुणा ओळखतात, रसायनं सोडतात. मग रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तातून आणखी पेशी धावून येतात. म्हणून लाली, सूज, ठणका.
"काका, सूज मदतीलाच आलीय. पण डॉक्टरला दाखवा. आजच."
मदत म्हणे. दांडा धरता येत नाही. मारियामाऊलीच्या मिरवणुकीत मूर्तीच्या पालखीचा पुढचा उजवा दांडा बारा वर्षं माझा आहे. धाकटा भाऊ लुईस मागच्या दांड्याला असतो. तो दुपारी हाताची चौकशी करून गेला. फारच प्रेमाने केली.
इंजेक्शन राहिलं.

मंगळवार, १३ मे
ठरलं. डॉक्टर सणानंतर. तो पट्टी बांधणार, ती फादरना दिसणार आणि दांडा लुईसला. गेल्या वर्षी मधमाशी चावून आलेली माझ्या डोळ्याची सूज बेटीच्या दम्याच्या गोळ्यांनी एका दिवसात उतरली होती. कपाटात पाकीट सापडलं. दोन घेतल्या. रोझरीची जपमाळही म्हटली.

गुरुवार, १५ मे
सूज उतरली. लाली फिकी. रोझरीचा गुण. गोळ्या चालू आहेत, पण नुसत्या सोबतीला. ॲनीने विचारलं, काय घेतलं? प्रार्थना, म्हटलं. यात खोटं काही नाही.

शुक्रवार, १६ मे
भर दुपारी, मे महिन्यात, थंडी वाजली. गोधडी घेतली. उपासामुळे असेल. उपास केला नव्हता, पण मनात होता.

शनिवार, १७ मे, संध्याकाळ
प्रॅक्टिस. दांडा उचलला. बोटांना काही कळेना, सुटला. लुईसने मागून धावत येऊन सावरला. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तू बस जरा." एवढी वर्षं याचीच वाट पाहत असणार. उद्या मीच पुढे. तीन गोळ्या घेतल्या.

बुधवार, २१ मे
हॉस्पिटल. शनिवारी रात्रीच आणलं. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडकंच. करंगळी आणि शेजारचं बोट काढलं. डॉक्टर म्हणाले, त्या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. त्यांनी पेशींना गप्प बसवलं, जंतूंना नाही. बेटी डबा ठेवून जाते.
ॲनीने रविवारच्या मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला. पुढे उजवीकडे लुईस. चढाचा भाग थांबवून थांबवून पाहिला.
मूर्ती कुठेही डगमगली नाही.