बंद परज

१६ सप्टेंबर १९६८

स्वस्ति श्री. अखंडप्रतिश्यायविभूषित, त्रिछत्रविस्मर्ते, हाउन्सलोस्थ विमानसामान-गोदामाचे भूतपूर्व उपलेखनिक, एकादश वर्षे अपूर्ण असलेल्या शस्त्रनामकोशाचे एकमेव कर्ते व बहुधा एकमेव वाचक, श्रीमान शशिधर वामन खांबेटे यांची स्वारी आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी शेफील्ड नगरीत दाखल झाली. तोफांच्या अभावी हमालाने माझी ट्रंक फलाटावर आपटून सलामी दिली.

स्टेशनावर योएल नवगावकर आला होता. मूळचा ठाण्याचा, हाउन्सलोत दोन वर्षे माझा शेजारी, सांप्रत येथील लोमस नामक सुरीकाराकडे कारागीर. त्यानेच माझे एक पत्र लोमससाहेबांना दाखवले आणि साहेब अक्षरावर लुब्ध झाले. अमेरिकेतील गिऱ्हाइकांना ते टंकयंत्रावर उत्तरे धाडत नाहीत. हस्तनिर्मित शस्त्राचा पत्रव्यवहारही हस्तनिर्मित हवा असा त्यांचा आग्रह. पंचेचाळिसाव्या वर्षी केवळ अक्षरामुळे नोकरी मिळालेला मी या द्वीपावरील बहुधा एकमेव पुरुष असेन. कोश याच हाताने येथेच पुरा करीन असा संकल्प सोडला आहे.

खोली कारखान्याच्या माथ्यावर. पलंग करकरतो, पण सुरात.

१९ सप्टेंबर

येथे केवळ बोवी सुऱ्या घडतात: वीतभराहून लांब पाते, टोकाशी पाठीला खोलगट छाट, आणि पाते व मूठ यांच्या संधीवर पितळी परज. हात घसरून धारेवर जाऊ नये, हे परजेचे अवतारकार्य.

परज बसवण्याचा विधी योएलने दाखवला. जो भाग अंतिम, ज्याला आता कानस लागणार नाही, त्याला तांबडा रंग फासायचा. मग दुसरा भाग त्यावर दाबून काढायचा. त्या दुसऱ्यावर जिथे तांबडे उमटेल तिथे तो आड येतो, तेवढेच घासायचे. पुन्हा रंग, पुन्हा दाब, पुन्हा कानस, बसेपर्यंत. लोमससाहेब हे काम स्वतः करतात आणि करताना गुणगुणतात. सत्तरीचे गृहस्थ, गुलाबी, नम्र. माझा पासपोर्ट त्यांनी तिजोरीत सुरक्षित ठेवला.

२४ सप्टेंबर

मोठा सन्मान. या घरात जो कामाला लागतो त्याच्या हाताची एक बोवी घडते, असा रिवाज आहे. परज कोणती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. हिरव्या बनातीवर चार नमुने मांडले होते: लंबगोल चकती, सरळ आडवी पट्टी, दोन टोकांनी विरुद्ध दिशांना वळलेली नागमोडी, आणि चौथी बंद, जिची कमान खाली वळून मुठीच्या तळाला भिडते व चारही बोटांना कवेत घेते.

मी तीन दिवस विचार केला. चकती कारकुनी वाटली. पट्टी ख्रिस्ती वाटली. नागमोडी सर्पासारखी वाटली. योएलचा सल्ला घेतला, तर तो म्हणाला की तुमच्यासारख्या भारदस्त माणसाला बंद परजच शोभेल, पेशव्यांच्या चित्रात असते तशी. मी तात्काळ विरघळलो.

साहेबांनी माझ्या उजव्या पंजाचे माप तासभर घेतले. पेर अन् पेर. बोटे जाड आहेत असे ते समाधानाने म्हणाले. योएल चहा नेहमी डाव्या हाताने ओततो. उजव्यात कातडी मोजा असतो, त्याची दोन बोटे कापूस भरल्यासारखी ताठ. विचारले तर कारखान्यात असे व्हायचेच म्हणाला.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

सुरी आज हाती आली. सौंदर्य वर्णनातीत. कमान मात्र किंचित आखूड. करंगळी व अनामिका आत शिरताना कुरकुरतात. साहेबांना सांगून थोडी घासून घेऊ.

परंतु आज शस्त्रपूजनाचा दिवस, आणि पूजेवाचून शस्त्र वापरणे मज शस्त्रकोशकारास कसे शोभेल? दुपारी बाकावर रुमाल अंथरून सुरी मांडली. ट्रंकेतले कुंकू पाण्यात कालवून परजेला, कमानीच्या आतबाहेर, यथेच्छ लावले, अक्षता वाहिल्या, झेंडूच्या अभावी डेझी. मग मूठ धरून वीरासनात उभा राहिलो. योएल दारातून पाहत होता. हसेल असे वाटले होते. तो हसला नाही, धावत खाली गेला आणि साहेबांना घेऊन आला.

साहेबांनी सुरी माझ्या हातून सोडवली आणि माझी बोटे उजेडात धरली. करंगळीवर तांबडे, अनामिकेवर तांबडे, दोन्ही पेरांवर. ते फार प्रसन्न झाले. योएलच्या वेळी परजेला रंग त्यांनाच फासावा लागला होता, म्हणाले. माणसाने आपणहून परजेला रंग देऊन ती अंतिम ठरवावी, हे चाळीस वर्षांत प्रथमच. मी हा धार्मिक विधी असल्याचे निवेदन केले. त्यांनी आदराने मान लववली.

१ ऑक्टोबर

इंग्रजी विनोद असावा असे मी शेवटपर्यंत समजत होतो. चहानंतर साहेबांनी मला बाकाशी बसवले. योएलने माझे मनगट शेगड्यात घातले आणि दांडा फिरवला, जसे लोखंड आवळतात तसे. शेगड्याच्या जबड्यांना मऊ चामडे लावले होते. हे सौजन्य नमूद करतो.

साहेबांनी बारीक कानस निवडली. गुणगुणत होते. फक्त तांबडे होते तिथेच. एक रेष जास्त नाही.

कातडे गेले. मी ओरडलो ते योएलला मराठीत. तो दांड्यावरचा हात न काढता म्हणाला, “पितळ दुसऱ्यांदा घासत नाहीत इथे, शशिधरराव. हात घासतात.”

२ ऑक्टोबर

जखमेवरची पट्टी सोडली. परजेला पुन्हा रंग, या वेळी साहेबांचा. हात आत. हात बाहेर. पुन्हा तांबडे, अर्थात रक्तात कुठले कोणते हे ओळखणे कठीण, म्हणून त्यांनी पंजा आधी कोमट पाण्याने धुतला. साबण सुवासिक होता.

आज जाड कानस.

कोशाचे चार हजार कागद ट्रंकेत आहेत. ‘परज’ या शब्दाखाली मी अकरा वर्षांपूर्वी लिहिले आहे: हाताचे रक्षण करणारी. दुरुस्ती करायला हवी. लेखणी दोन बोटांत धरून हे लिहितो आहे. अक्षर अजून ओळखता येते.

४ ऑक्टोबर

काल रात्री योएल सूप घेऊन आला. त्याला विचारले की हे ठाऊक असून मला का आणलेस. त्याने चमचा भरून माझ्या तोंडाशी धरला. मग म्हणाला, “माझा उजवा बसला होता. आता डाव्याची पाळी होती. कुणाला तरी आणलं तर सोडतो म्हणाले.”

मी चमच्याला चावलो. तो म्हणाला सूप गार होईल.

आज सकाळी बॅग घेऊन गेला. इल्फर्डला, बहीण शुलामीथकडे. मोजा विसरला. की ठेवून गेला—

५ ऑक्टोबर

हाड. हाडाचा आवाज पितळासारखाच येतो. हे कोशात—

८

डाव्या हाताने लिहीत आहे. ओळी उतरतात.

काल बसली. साहेबांनी सुरी हातात घातली, सर्रकन गेली, तांबडे कुठेही उमटले नाही. त्यांचे डोळे पाणावले. असे चोख काम पुष्कळ वर्षांत झाले नव्हते म्हणाले.

मग बनातीवर दुसरी परज ठेवली. बंद. डाव्या हाताची.

९

मीही विचारले. नोंदवून ठेवतो, मी विचारले— कुणाला आणले तर सोडाल का. हो म्हणाले, अगदी आनंदाने. कागद दिला.

हाउन्सलोच्या राजीवला लिहिले. गोदामात माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. बायको अलका, अलीकडेच आलेली. नोकरी उत्तम, मालक देवमाणूस, हवा मानवेल. सगळे लिहिले. लाज वाटली नाही. वाटायला हवी होती—

साहेबांनी पत्र पाहिले. इतक्या वाईट अक्षराच्या पत्रावर कोणी येणार नाही, म्हणाले. परत दिले.

१०

चहाला बोलावले आहे. चारला.

११

दोन्ही. आज दोन्ही पट्ट्यांत. लेखणी दातांत—

साहेब बाहेर गेले. आज बाहेरून कुलूप नाही. जिन्यात कुणी नाही. खाली रस्ता, बस ऐकू येते—

दाराची मूठ गोल आहे. गुळगुळीत पितळ. दोन्ही मनगटांत धरली, फिरत नाही, सरकते. दातांत मावत नाही. भाडेकरूच्या खोलीला असली गोल मूठ देणे सर्वथा गैरसोयीचे, आडवी दांडीची बसवावी, अशी तक्रार मी साहेबांकडे