आधी दशांश

अकोला,
दि. ६ मे २०२५

प्रिय दादास,

दर्शनीचा सप्रेम जयभीम.

आम्ही इथं बरे आहोत. योगेशनी नवा कूलर आणलाय. त्यातून वारा कमी आणि आवाज जास्त येतो, पण नवऱ्याचं कौतुक करावं लागतं. तुझी साखर कशी आहे? पायी फिरतोस असं वहिनी म्हणाल्या. चांगलं आहे.

पत्र कशाला, फोन काय मेला होता, असं म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटांत "ठेवतो वं, रीडिंगची वेळ झाली" म्हणतोस, भले तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असोत. आणि अक्षर एवढं मोठं का, तर पेन जाड आहे. दुसरं सापडलं नाही.

एप्रिलचा मासिक तक्ता मिळाला. लोकांना वाटतं, भाऊ-बहीण एकाच खात्यात म्हणजे रोज बोलत असतील. तू भातकुलीजवळच्या हवामान केंद्रावर दिवसातून दोनदा पारा वाचतोस, मी अकोल्यात बसून तुझे आकडे कॉम्प्युटरात भरते. आपलं बोलणं महिन्यातून एकदा, तेही तीस ओळींच्या तक्त्यात.

तर तक्ता. नऊ, चौदा, बावीस आणि तेवीस तारखेला तू ओला पारा कोरड्यापेक्षा वर लिहिला आहेस. दादा, ओल्या कापडात गुंडाळलेला पारा उघड्या पाऱ्याच्या वर जातो का कधी? माठाचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा गरम लागण्यातला प्रकार झाला हा. हे मला तूच शिकवलंस. चौदा एप्रिलला तर जयंती. तू सकाळीच नवा शर्ट घालून, आधी रीडिंग घेऊन, मग मिरवणुकीला गेला असशील. तो दिवस तू घाईत घालवणार नाहीस. चार वेळा तक्ता उलटसुलट वाचला आणि डोकं चालेनासं झालं.

मी बारावीत होते. त्या झडपांच्या पांढऱ्या पेटीपुढं माझा हात पुरायचा पण डोळा पाऱ्याच्या रेषेत यायचा नाही, म्हणून तू एक दगड आणून ठेवलास. "आधी दशांश पाह्य. अंश कुठी पळून नाई जात. अन् त्याच्यावर श्वास सोडू नोको, फुगते तो." आणि कधी चुकलंच तर? "तं रेघ मार. मनचं लिहू नोको." हे तू इतक्या वेळा सांगितलंस की परीक्षेत उत्तर येत नसलं की मी सरळ रेघ मारून यायचे. एका विषयात नापास झाले त्याचं श्रेय तुझंच.

आता जे लिहायचं ते लिहिते.

नोव्हेंबरच्या तक्त्यात तुझे दशांश गेले. सगळे आकडे एक तर पूर्ण, नाही तर अर्धे. एकतीस, साडेएकतीस, तेहतीस. सत्तावीस वर्षं तू ३१.३ आणि ३१.४ यांच्यासाठी मान वाकडी करणारा माणूस. मला वाटलं, कंटाळला असशील. राग आला तुझा. डिसेंबरात तेच. नियमानं मी तक्ता परत पाठवायला हवा होता. पण तीन वर्षांपूर्वी बेरजेच्या एका चुकीसाठी पाठवला होता, तेव्हा तू म्हणालास, "माह्या तक्त्यावर लाल पेन चालवतं तू? दगडावर उभं करून शिकवलं तुले." आणि मग अकरा महिने फोन नाही. नीलमवहिनी चोरून बोलायच्या, मागे कुकरच्या शिट्ट्या वाजत.

म्हणून या वेळी लाल पेन बाजूला ठेवलं. तिवस्याच्या केंद्राचा तक्ता शेजारी घेतला आणि तुझ्या आकड्यांना अंदाजानं दशांश लावले. तुझ्या एकतीसचे कधी ३१.२ केले, कधी ३०.९. मार्चपर्यंत, पाच महिने. साहेबांनी एकदा विचारलंही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. झाकून टाकलं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमानही वाटला.

एप्रिलच्या मध्यावर वहिनी हसत हसत सांगत होत्या, तू चहा कपाशेजारी ओतलास. गाडी चालवणं तर जानेवारीपासून बंद केलंस, पायी चाललं की साखर उतरते म्हणून. मीही हसले. फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही. नाव न घेता इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, साखर पडद्यावर गेली असेल तर गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, पण एकेक महिना महत्त्वाचा आहे. मी तिथंच बसून बोटं मोजली.

तेव्हापासून मला काही म्हणजे काही कळत नाही. मी तुझी अब्रू राखली की तुझे डोळे घालवले? तुला स्वतःला ठाऊक होतं का? असेल, तर रेघ का नाही मारलीस? मग पुन्हा वाटतं, तू खोटं लिहिलंच नाहीस. दशांश दिसत नव्हते, म्हणून दिसलं तेवढंच लिहिलंस. मनचं लिहिलं ते मी. की ते पूर्ण-अर्धे आकडे मलाच पाठवलेला निरोप होता, आणि मी तो दर महिन्याला दुरुस्त करत बसले? तू सांग. मला हे सुटत नाही.

एप्रिलच्या तक्त्यात त्या चार जागी मी रेघ मारली आहे. लाल पेनानं. मागच्या पाच महिन्यांचं साहेबांना उद्या सांगणार आहे. जे व्हायचं ते माझं होईल.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अकरा वाजता डॉक्टरबाईंकडे तुझं नाव लावलंय. पेन जाड नाही, दादा. हे पत्र तू स्वतः वाचत असशील तर येऊ नकोस. मी चुकले असं समज आणि खुशाल अकरा महिने अबोला धर. मी आनंदानं सोसीन. पण हे वहिनी वाचून दाखवत असतील, तर वहिनी, दादाला घेऊन या. केंद्रावरच्या माणसाला दोन दिवस आधी सांगा, नाही तर तो रीडिंगचं निमित्त काढेल.

खालची एक ओळ मी माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिते आहे, कारण मोठ्या अक्षरात लिहायला हात धजत नाही. वहिनी, ती गाळू नका. दादाला मोठ्यानं वाचून दाखवा.

कंटाळलास असं मला कधीच वाटलं नव्हतं, दादा. तुला दिसत नाही हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं, आणि तू पुन्हा बोलणं टाकशील या भीतीनं मी गप्प बसले.

तुझी, दगडावर उभी केलेली,
दर्शनी