दारात आलो तर ओळखू नकोस

प्रिय रुक्साताई,

फोन न करता कागद पाठवतोय. माझा फोन इथल्या पोरांनीच दिलाय, त्यात काय बसवलंय ते तूच ओळखशील. हे पत्र तिकडे पार्सलं नेणाऱ्या मिनीबसमध्ये संत्र्यांच्या पेटीतून येतंय.

आईने सांगितलं, कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी असतानाच तुला व्हायरस तपासणाऱ्या कंपनीत शिकाऊ म्हणून घेतलं. सांगताना ती ईस्टरची अंडी रंगवत होती आणि रडत होती. मला आपलं भिंतीवरचं घड्याळ आठवलं. तू ते आईच्या ताटात उघडायचीस, मला श्वास घेऊ द्यायची नाहीस, आणि चावी न देता, नुसतं आत बघून ते कसं चालतं ते सांगायचीस. मी आठवीतच शाळा सोडून पळालो. माझ्या पायाला भिंगरी.

इथे परदेशात, थेसालोनिकीत, मी काही पोरांची गाडी चालवतो आणि त्यांच्याच घरात राहतो. घरातली पोरं दिवसभर कॉम्प्युटरवर असतात, सूप खारट झालं म्हणून भांडतात. मला वाटायचं, जुगाराची साइट असेल. परवा कळलं, आपल्या गावच्या दवाखान्याचे कॉम्प्युटर यांनीच पैसे उकळायला व्हायरस घालून कुलूपबंद केले होते.

ताई, दवाखान्यात सापडलेली ती व्हायरसची फाइल तू सगळ्यांना दिसणाऱ्या तपासणीच्या साइटवर टाकलीस ना? ही पोरं रोज तिथे नजर ठेवून असतात. ज्याला लुटायचं त्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी फाइल वेगळी बनवतात, त्यामुळे कोणती फाइल कुठून आली ते त्यांना लगेच कळतं. वर तू खाली लिहिलंस की कुलपाची किल्ली फाइलमध्येच राहिली होती, म्हणजे पैसे न देताही कुलूप उघडतं, आणि स्वतःचं नाव, विद्यापीठ, सगळं घातलंस. नोकरीसाठी तुम्ही मुलं तसं घालता, माहीत आहे. पोरं हसत होती, ही कोण बया आपली उत्तरपत्रिका तपासतेय म्हणून. कोस्तिन हसला नाही. तो इथला मोठा. त्याने मला बोलावून तुझा फोटो दाखवला.

"तुझ्याच गावची दिसते. ओळखतोस का रे?"

मी नाही म्हटलं. तुझे बाबा वेगळे, आडनाव वेगळं, म्हणून खपलं. 

आता खरं ते. ईस्टर झाल्यावर तो मला तुझ्याकडे क्लुजला पाठवतोय, गावाकडचा माणूस म्हणून. सोबत त्याचा माणूस ओलेग आहे. फक्त समजावून यायचं, असं कोस्तिन म्हणतो. पण ओलेग बोलत नाही फारसा. मी नकार दिला असता तर दुसरा कोणी गेला असता, आणि मला ते कळलंही नसतं. पत्र मिळताच तुझ्या साहेबांना दाखव, त्यांना घेऊन पोलिसांत जा. खोली सोड. गावी जाऊ नकोस, आईलाही तिथून हलव. आणि यातलं काहीच जमलं नाही, दार वाजलं आणि बाहेर मी दिसलो, तर मला पुयू म्हणून हाक मारू नकोस, आपण बहीणभाऊ आहोत हे ओलेगला कळता कामा नये.

तुझाच,
पुयू