दारापर्यंत वाजवायचं

११ फेब्रुवारी
प्रॅक्टिस. वेंटी उपनगरात, लिंहच्या गॅरेजमध्ये. रोलर डोअर अर्धं वर, पंखा फुल, तरी घामाने ट्रॉम्बोनची स्लाइड हातातून निसटत होती. लिंह ड्रमवर असली की गॅरेजचे पत्रेसुद्धा वाजतात. तिन्ही नवी गाणी झाली. मग डॅनने गिटार गळ्यातून काढून ठेवली. एरवी हा माणूस गिटार अडकवूनच बोलतो, सॉसेज रोल खातो, फोन घेतो. काढून ठेवली म्हणजे काहीतरी आहे.

जुलैमधली टूर पक्की. एका मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास आमचा. न्यूकासल, ब्रिस्बेन, कॅनबेरा, मेलबर्न, शेवटी ॲडलेड. आम्ही ओरडलो. तो नाही ओरडला.

सामान टाकल्यावर व्हॅनमध्ये तिघंच मावतात. डॅन, लिंह आणि बेसवाला ऑली. ब्रासचा आवाज लॅपटॉपवरून लावणार. ब्रास म्हणजे मी आणि ट्रम्पेटवाला ब्रेंडन. "जस्ट फॉर द टूर, सॅब." ब्रेंडन म्हणाला, नो वरीज. तो हायस्कुलात म्युझिक शिकवतो. पोरांनी खिडकीतून ट्यूबा फेकला तरी नो वरीजच म्हणेल.

मी स्टेशनपर्यंत चालत गेले आणि ट्रेन समोरून जाऊ दिली.

१३ फेब्रु.
नेल्सनला सांगितलं. नवरोबा म्हणाला, "बरंच झालं की, जुलैत रजा मागायला नको." मग माझं तोंड बघून गुपचूप भांडी घासायला गेला.

आज कामावर, रक्त घ्यायच्या कलेक्शन सेंटरला, रांगच रांग. दिवसभर लोकांच्या दंडात शिरा शोधत होते. एक म्हातारी म्हणाली, लव्ह, तू गुणगुणतेस काय? मला पत्ताच नव्हता.

राग नाही आला, हे खरं. भीती वाटली. "फक्त टूरपुरतं" म्हणून गेलेली गोष्ट परत येत नाही. ऑगस्टमध्ये डॅन म्हणेल, लॅपटॉप बरा चालतो, आणि बुधवारी संध्याकाळी मी काय करणार? या देशात माझी म्हणून ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं, नोकरी, इथे कायम राहायचा पीआर, नेल्सनसुद्धा, अर्ज भरून मिळालेलं. (नेल्सनचा विनोद आहे हा, माझा नाही. त्याचा अर्जही तोंडीच होता.)

१६ फेब्रु.
डॅडींना वसईला फोन. चाळीसेक वर्षं लग्नात बँड वाजवून आता दात गेले, ट्रम्पेट भिंतीवर. टूरचं सांगायचं नव्हतं, पण सुटलंच तोंडातून. ते वेगळंच धरून बसले. तुमचा बँड वाजवतो ते स्का म्हणजे काय? म्हटलं, आमचा ठेका आडवा असतो, गिटार दोन ठोक्यांच्या मधल्या जागी वाजते.

"आडवा? मग चालताना पाय कुठे टाकता?"
"चालत नाही डॅडी. स्टेजवर उभे असतो."
"उभं राहून कसला बँड?"

मला ट्रॉम्बोन त्यांनीच शिकवला. त्यांचा ट्रॉम्बोनवाला कार्लूस अंकल पिऊन पडला की ओट्यावरच्या तालमीत त्याच्या जागी मी. लग्नात मात्र कधी नाही. मुलगी बँडबरोबर रस्त्याने चालली तर लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले असते कोण जाणे, कोणी विचारलंच नाही त्यांना.

२५ फेब्रु.
नेल्सनची चुलत बहीण रोशेल. लग्न मार्चमध्ये, पेंडल हिलला. एलिझा आंटीला, म्हणजे रोशेलच्या आईला, आदल्या दिवशी उंबराचं पाणी ठाण्याला करतात अगदी तसंच पाहिजे. बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जाणार, घागरी भरून आणणार, त्या पाण्याने नवरीची आंघोळ. पेंडल हिलला विहीर कुठली? आंटीने शेजारच्या गल्लीतल्या सेल्वाच्या बॅकयार्डातला नळ ठरवून टाकलाय. त्याला अजून सांगितलेलं नाही.

"आणि बँड तुझा गं." मला तिने विचारलं नाही, सांगितलं.

६ मार्च
उंबराचं पाणी झालं. पाय अजून थांबत नाहीयेत.

ब्रेंडन ट्रम्पेटवर, लिंहने स्नेअर ड्रम गळ्यात बांधला. डॅनला बोलावलं नव्हतं, जेवणाचं ऐकून आला. आंटीने त्याच्या हातात नारळ आणि फुलांचं ताट देऊन सगळ्यात पुढे उभं केलं. टॅटूवाले हात आणि त्यावर ताट. सेल्वाने नळाला हार घातला होता.

डॅडींची धून, ते लग्नात वाजवायचे ती. डावा पाय ठोक्यावर, स्लाइड मधल्या जागेत. डॅडींनी विचारलं होतं ना, पाय कुठे टाकता. इथे. आयुष्यात पहिल्यांदा मी बँडबरोबर रस्त्याने चालले. वय चौतीस, पेंडल हिल, बाजूने कचऱ्याचे बिन्स उभे. पोरं सायकली टाकून मागे आली. एकाने विचारलं, "इज इट अ प्रोटेस्ट?"

परत आलो तर घराचं दार बंद. आंटीची किल्ली आत राहिली. ब्रेंडनने थांबायची खूण केली. मी मान हलवली. वाटेत बँड थांबवायचा नसतो, दार उघडून पाणी आत जाईपर्यंत वाजवायचं, हा डॅडींचा एकमेव नियम. नेल्सन मागच्या खिडकीतून आत शिरेपर्यंत आम्ही तीच धून गोल गोल. ब्रेंडनचे ओठ सुजले. लिंह हसत होती. डॅन ताट धरून अंगणात उभा होता, आणि त्याचं डोकं ठेक्यावर हलत होतं. मी पाहिलं.

नंतर जेवताना डुकराचं सोरपोतेल तीनदा घेतलं त्याने. टूरबद्दल चकार शब्द नाही.

११ मार्च
प्रॅक्टिस. डॅन म्हणाला, मॅरिकव्हिलच्या पबमधल्या शोला लॅपटॉप ट्राय करू. पहिली चार गाणी लॅपटॉपवर, मग आम्ही दोघं. "तोवर आम्ही काय करायचं?" तर म्हणे स्टेजवरच उभे राहा, ट्रॉम्बोन-ट्रम्पेट घेऊन, दिसायला बरं दिसतं.

दिसायला बरं. ट्रेनमध्ये एवढंच डोक्यात.

२२ मार्च
मॅरिकव्हिल. संडे आर्वो, म्हणजे रविवार दुपार, पबचं बिअर गार्डन, ऊन रणरणतं. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्यापर्यंत मी स्वतःलाच वेगळं सांगायला लागेन.

दोन गाणी लॅपटॉपबरोबर. मी आणि ब्रेंडन फोटोला उभ्या केलेल्या करवल्यांसारखे. माझाच ट्रॉम्बोन स्पीकरमधून वाजत होता, मागच्या वर्षी रेकॉर्ड केलेला, आणि माझ्या हातातला गप्प. लोक नाचत होते. कोणाला फरक पडत नव्हता.

तिसऱ्या गाण्यात उन्हाने लॅपटॉप बंद पडला. डॅन अडखळला, ऑली अडखळला. लिंह नाही. ती ठोकत राहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी ट्रॉम्बोन तोंडाला लावला तर गाणं नाहीच, डॅडींची धून आली. ब्रेंडन लगेच आत. लोक किंचाळले. आणि माझा डावा पाय उचलला गेला.

ठरवून केलं नाही. असं आता म्हणते. पण एकदा चालल्यावर पुन्हा उभं राहणं जमेना, हे खरं.

स्टेजवरून खाली, गर्दीतून, बाजूच्या गेटने रस्त्यावर. लिंह स्नेअर उचलून मागे. तिच्यामागे निम्मं बिअर गार्डन. व्हिएतनामी बेकरीवरून, चर्चवरून, ब्लॉकला पूर्ण वळसा. एक बाई पाव हातात घेऊन आमच्यात आली. मी इतकी खूश कधी झाले होते आठवत नाही.

पबच्या पुढच्या दाराशी आलो तर दार बंद. लोक बिअरचे ग्लास घेऊन रस्त्यावर आलेले, पबचं लायसन्स जाईल, म्हणून मॅनेजरने बंद करायला लावलं. काचेमागे डॅन. गिटार गळ्यात नाही.

मी वाजवत राहिले. दार उघडेपर्यंत थांबायचं नाही. डॅनने दार उघडलं नाही. त्याला उघडता येत नव्हतं की उघडायचं नव्हतं, ते काचेतून कळलं नाही. सिक्युरिटीवाला, टोंगा बेटांवरचा भला मोठा माणूस, अगदी हळू म्हणाला, "सिस्टर, आय लव्ह इट. बट प्लीज."

थांबले. धुनीच्या मधोमध. दारात येऊन.

२३ मार्च
पबने बँडवर कायमची बंदी घातली. डॅनचा फोन. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं.

"अकरा वर्षं, सॅब. त्याच चाळीस लोकांसमोर. ही एक टूर मिळाली आणि तू माझी ऑडियन्स घेऊन निघून गेलीस."
म्हटलं, सॉरी.
"सध्या प्रॅक्टिसला येऊ नकोस."

सॉरी खरं होतं. त्याच्या जागी मीही हेच बोलले असते. पण मला करवली करून उभं केलं ते त्याला अजून दिसलेलं नाही, आणि मी ते सांगितलं नाही. ब्रेंडनही जाणार नाहीये. म्हणाला, एकट्या ट्रम्पेटला एकटं वाटतं.

१५ एप्रिल
बुधवार. नेल्सनने सिनेमाला नेलं. मध्येच उठून बाहेर फेऱ्या मारत बसले. पॉपकॉर्नवाल्या मुलीने विचारलं, यू ओके?

२० मे
बुधवार. डॅडींना शेवटी सगळं सांगितलं, रस्ता, दार, सगळं. ते म्हणाले, "दारात थांबलीस?"
"थांबवलं."
"मग धून अर्धी आहे तुझ्याकडे."
एवढंच. मग कोलेस्ट्रॉलवर गेले. रस्त्याने चाललीस कशी, हे विचारलंच नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि रडू आलं.

९ जुलै
टूर सुरू होऊन आठवडा झाला. मी फोनवर व्हिडिओ बघत नाही. (बघितले. न्यूकासलचा, दोन्ही ब्रिस्बेनचे.)

१४ जुलै
लिंहचा फोन, मेलबर्नहून. काल लॅपटॉपने ब्रास चुकीच्या जागी सुरू केला. अख्खं कडवं तसंच गेलं. "अँड नोबडी नोटिस्ड, सॅब. नोबडी." डॅन नंतर व्हॅनमध्ये जाऊन बसला.

मग म्हणाली, गाडी चालवताना तो तुझी ती नळाची धून गुणगुणतो. मध्येच थांबतो, जिथे तू थांबलीस तिथे. त्याला माहीतही नाही.

"त्याने विचारलंय का माझ्याबद्दल?"
"डॅन विचारणार नाही. त्याला येत नाही विचारायला. शनिवारी ॲडलेड, मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटीत, आर्वोला साउंडचेक. मी फक्त सांगतेय."

१५ जुलै
रजा मागितली. ब्रेंडनला शाळेची सुट्टी आहे. त्याला विचारायला फोन केला तर म्हणाला, टायरमध्ये हवा भरून ठेवलीये.

नेल्सन म्हणाला, "आणि त्याने हाकलून दिलं तर?"
म्हटलं, तर परत येईन.
"एवढ्या लांब? नुसतं नाही ऐकायला?" आणि मग डब्यात थेपले भरायला लागला. थेपले त्याने वेंटीच्या दुकानातून आधीच आणले होते.

१७ जुलै
वाटेत मिल्डुरा. मोटेल. दिवसभर सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना काही नाही. ब्रेंडन गाडी चालवताना स्केल्स गातो. डॅनला काय म्हणायचं ते तीन प्रकारे ठरवलं, तिन्ही भिकार. सॉरी एकदा म्हणून झालंय. करवलीचं सांगायचं तर आता हसू येतं.

१८ जुलै
मॉसन लेक्स. युनीच्या हॉलमागे, गाडीतच बसून लिहितेय. समोर त्यांची व्हॅन, बंपरला चिखल. हॉलचं रोलर डोअर खाली. पलीकडून साउंडचेक ऐकू येतोय. लिंहचा स्नेअर, मग बेस, मग गिटार. मग लॅपटॉपमधून मी. मग डॅन म्हणाला, "टर्न दॅट ऑफ फॉर अ सेक." आता ब्रासची जागा रिकामी जातेय. आठ ठोके, नुसती गिटार.

ब्रेंडन ट्रम्पेट गरम करतोय, तळहातात धरून. म्हणाला, दार ठोकूया? की लिंहला टेक्स्ट?

म्हटलं, ठोकायचं नाही. वाजवत जायचं. तो म्हणाला, नो वरीज. सुरुवातीपासून?

नाही. मार्चमध्ये थांबलो होतो तिथून.